परत सांगा

गिरगावात जन्म काढूनही आमच्या सरांना गिरगावचा मोठा रस्ता नीट माहीत नव्हता. ट्राम कुठे थांबते असं त्यांना विचारणारा माणूस हमखास चुकत असे. मात्र कुठल्या वाडीच्या मागल्या अंगानं कुठल्या वाडीत निघता येतं, कुठलं दार सकाळी उघडं असतं आणि दुपारी त्याला कडी पडते, कुठल्या जिन्याखालून जाताना डोकं वाकवावं लागतं, हे ते झोपेतही सांगू शकले असते. घरापासून आमच्या खोलीपर्यंतचा जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता ते पाऊण तासात, लोकांच्या मोऱ्या, वाळवणं आणि तुळशी चुकवत पार करीत. अंगात बंद गळ्याचा पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. नळावरच्या बायकांना त्यांची इतकी सवय झाली होती की पदर सावरण्याऐवजी त्या "आज उशीर झाला हो सर," असं म्हणत, आणि सर त्यांना उशिराचं कारण खरोखरच समजावून सांगत.

मधेच एखाद्या भिंतीपाशी थांबून ते छत्रीच्या टोकानं विटांवर टकटक करीत. "इथं दार होतं," म्हणत. एवढंच म्हणत आणि पुढे चालू लागत. सुरुवातीला मला वाटलं, लहानपणीची काही आठवण असेल. पण अशा भिंती बऱ्याच होत्या, आणि एका माणसाच्या लहानपणात एवढी दारं मावत नाहीत.

सरांचं घराणं मुंबईतल्या जुन्या पाठारे प्रभूंचं. पणजोबांच्या माझगावात जमिनी होत्या, आजोबांकडे त्यांतल्या काही उरल्या, वडिलांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि सरांनी विद्वत्ता. म्हणजे उतार अगदी शिस्तीत होता.

विद्यापीठानं त्या सुमारास एक नवा कक्ष काढला होता. त्याचं नाव इंग्रजीत होतं आणि पाटीवर मावत नव्हतं. साहित्य, संगीत, चित्र, नाट्य, शिल्प यांपैकी दोन-तीन विषयांच्या बांधावर बसून संशोधन करणाऱ्यांना साहाय्य करायचं, असा त्याचा हेतू. सगळ्या खात्यांनी या कल्पनेचं मनापासून स्वागत केलं आणि तितक्याच मनापासून जागा द्यायचं नाकारलं. शेवटी ठाकुरद्वारच्या एका इमारतीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्याच्या वर, एक लांबट खोली भाड्यानं घेण्यात आली. उद्घाटनाला आलेले पाहुणे कलांच्या सहकार्यावर एकटेच तासभर बोलले. खालचं यंत्र त्यांना ताल देत होतं. विद्यापीठात आम्हाला 'खिचडी खातं' म्हणत. सरांना ते नाव आवडलं होतं. पाटीवर मावेल म्हणून त्यांनी ते सुचवलंही होतं.

सर तिथले प्रमुख आणि मी साहाय्यक. माझं काम टिपणं काढणं, पत्रांना उत्तरं देणं, आणि सरांना अनुदान समितीपासून व अनुदान समितीला सरांपासून वाचवणं. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. होतो, ही गोष्ट मी स्वतः कधीकधी विसरत असे, पण सर कधीच विसरले नाहीत. ते मला 'एमे' म्हणूनच हाक मारीत. "अहो एमे, खिडकी लावा" या वाक्यात माझ्या पदवीचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसरीकडे कुठेही झाला नाही.

खोलीत पाच टेबलं होती. शेजारी शेजारी एकाच विषयाचे दोघे बसायचे नाहीत, हा पहिला नियम. तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथल्या झंकारावर, काम करणारा एक भौतिकशास्त्राचा पदवीधर होता, त्याच्या शेजारी संस्कृतचे एक वयस्क शास्त्रीबुवा. देवळांतल्या लाकडी कोरीव कामाची रेखाटनं करणारा एक चित्रकार होता, त्याच्या शेजारी कुणीच टिकत नसे, कारण तो बोलता बोलता शेजाऱ्याच्या कागदावर काढत असे. मात्र सगळ्या कलांची सरमिसळ व्हावी म्हणून धडपडणारे आमचे सर डब्यातले कप्पे एकमेकांना अजिबात लागू देत नसत. कोलंबीचा रस्सा भाताच्या कडेला जरी लागला तरी ते बेचैन होत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "एमे, सरमिसळ करायला आधी वेगळं असावं लागतं."

दुसरा नियम गुरुवारचा. दर गुरुवारी दुपारी एका संशोधकानं आपलं चालू काम दुसऱ्या विषयाच्या माणसाला सांगायचं. ऐकणाऱ्यानं काही लिहून घ्यायचं नाही. सांगून झालं की सर त्या ऐकणाऱ्याकडे वळून म्हणत, "परत सांगा." मग त्यानं ऐकलेलं सगळं आपल्या शब्दांत सगळ्यांसमोर सांगायचं, आणि ते चालू असताना मूळ संशोधकानं तोंड उघडायचं नाही. 'तसं नाही', 'थोडा फरक आहे', 'माझ्या म्हणण्याचा आशय' वगैरे काही नाही. मुकाट बसायचं. शेवटी त्यानं दोनपैकी एक शब्द उच्चारायचा: 'हेच' किंवा 'नव्हे'. 'नव्हे' आलं तर दोष मूळ सांगणाऱ्याचा, आणि त्यानं प्रकरण पुन्हा लिहायचं.

आपलं संशोधन दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे काय असतं, ते त्या खोलीत बसलेल्यांनाच कळेल. भल्याभल्यांना घाम फुटे. तंबोऱ्याच्या त्या पदवीधरानं एका गुरुवारी शास्त्रीबुवांना तारेची कंपनं समजावली. फळा समीकरणांनी भरला. शास्त्रीबुवा शेंडीला हात लावत ऐकत होते. सर म्हणाले, "परत सांगा." शास्त्रीबुवा उठले. "यांचं म्हणणं असं दिसतं," ते म्हणाले, "की तार घोडीवर नुसती टेकत नाही, टेकते न टेकते असं करते. त्यामुळे ती स्वतःशीच थोडी भांडते. त्या भांडणाला आपण गोड म्हणतो." पदवीधराचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार इतक्यात सरांनी छत्री वर केली. तो खाली बसला. बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि मग नाइलाजानं म्हणाला, "हेच." पुढे त्यानं लिहायला घेतलेल्या प्रबंधाचं पहिलं वाक्य जवळपास तेच होतं, फक्त कर्मणी प्रयोगात.

"आपल्याच विषयाच्या माणसाला समजावणं म्हणजे आरशाला नमस्कार करणं," सर म्हणत. "तो उलटून नमस्कार करतो आणि आपल्याला वाटतं, आपलं बरोबर आहे."

सुमन धनावडे आमच्याकडे आली ती तीन खात्यांचे जिने चढून-उतरून. मराठीवाल्यांनी तिला सांगितलं होतं, हा विषय संगीताचा. संगीतवाल्यांनी सांगितलं, यात नाच आहे. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिला चहा दिला आणि तिची गाणी ऐकून घेतली, पण म्हणाले, यात आकडे नाहीत. ती लालबागच्या चाळीत वाढलेली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि सुटीच्या दिवशी शक्ती-तुऱ्याच्या बारीत ढोलकीवर. कोकणातून गिरणीत आलेल्या लोकांनी आपला हा नाच सोबत आणलेला. मधे गाणारे बसतात, भोवती नाचणारे एका पायात चाळ बांधून रिंगण धरतात, आणि एक बाजू दुसऱ्या बाजूला गाण्यातून सवाल घालते. सुमनला त्यावर प्रबंध लिहायचा होता.

"तुमचा प्रश्न काय?" सरांनी विचारलं.

"गावाकडच्या गाण्यांतल्या ओळी लांब आहेत," ती म्हणाली. "इथं बांधलेल्या गाण्यांतल्या आखूड आहेत. तोच माणूस, तीच चाल. मग ओळ आखूड का झाली?"

"का झाली?"

"ते माहीत असतं तर मी जिने कशाला चढले असते?"

सरांनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. खिडकीजवळचं टेबल हा आमच्याकडचा सर्वोच्च सन्मान होता. त्याखेरीज तिथं दुसरा सन्मानच नव्हता.

संशोधनाला साहाय्य करणं म्हणजे काय असतं, याविषयी मी नंतर पुष्कळ समित्यांचे पुष्कळ अहवाल वाचले. सर जे करीत ते त्यांत कुठे सापडलं नाही. त्यांनी सुमनला एकही पुस्तक सुचवलं नाही. चित्रकाराला सांगितलं, हिला पावलं काढायला शिकवा. जवारीवाल्याला सांगितलं, हिला ठोके मोजायला शिकवा. आणि एका रविवारी दुपारी ते स्वतः, मला बरोबर घेऊन, लालबागला तिच्या गावकीच्या खोलीवर गेले. एका गावची माणसं भाड्यानं घेऊन जिथं पाळीपाळीनं झोपतात, जेवतात आणि वेळ मिळाला की नाचतात, अशी ती खोली. वळकट्या कडेला लावून रिंगण धरलं होतं. नाचणाऱ्यांच्या पाठी भिंतीला घासत होत्या. सुमनच्या वडिलांनी सरांना खुर्ची आणायला माणूस पिटाळला, तोवर सर चटईवर बसलेसुद्धा.

"सर, खाली नका वो बसू. कोट मळेल."

"मळू द्या. खुर्ची आली तर रिंगणातला एक माणूस बाहेर काढावा लागेल."

सगळे हसले. सुमन मात्र हसली नाही. ती खोलीच्या या भिंतीकडून त्या भिंतीकडे बघत होती. मग उठून तिनं पावलांनी खोली मोजली. गाववाल्यांनी थट्टा केली, मालकानं भाडं वाढवायला हिलाच माप घ्यायला लावलं की काय. पण तिला सापडलं होतं. गावाकडे नाच अंगणात, खळ्यात. रिंगण मोठं. फेरीला वेळ लागतो, तोवर ओळ चालते. इथं खोली एवढीशी. रिंगण लहान, पाऊल आखूड, फेरी लवकर संपते, आणि फेरीबरोबर ओळ संपवावी लागते. गिरणगावातल्या कवितेचं माप खोलीच्या मापानं बेतलं गेलं होतं. त्या गुरुवारी शास्त्रीबुवांनी हे परत सांगितलं आणि सुमननं "हेच" म्हटलं, तेव्हा सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. सरांचं डोकं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

त्या रविवारी लालबागहून परतताना सुमनच्या वडिलांनी जिन्यापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारलं होतं, "सर, पोरीचं ते काम संपनार कदी? रागावू नका, पन माझा दम आता साच्यावर पुरत नाय. तिची नोकरी झाली की मी सुटलो."

सर म्हणाले, "आता कुठे सुरू झालंय!" त्यांना वाटलं, त्यांनी आनंदाची बातमी दिली.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. फाउंटनला गोळ्या चालल्या त्या दिवसांत आमची खोली बंद राहिली. उघडली तेव्हा खालच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या शेजारी सभांची हस्तपत्रकं वाळत होती. भाषणं ऐकण्याचा सरांना तिटकारा. तरी एकदा शिवाजी पार्कच्या सभेला ते मला घेऊन गेले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. बाहेर पडताना त्यांनी एका अनोळखी माणसाला अडवलं आणि विचारलं, "सभेत काय सांगितलं, परत सांगता?"

तो माणूस त्यांच्याकडे बघून ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"शाबास," सर मला म्हणाले. "एमे, एवढ्या माणसांना जसंच्या तसं परत सांगता येतं, असं भाषण मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं."

लालबागच्या बाऱ्यांनीही रंग बदलला. गण गणपतीचा, गौळण कृष्णाची, आणि सवाल थेट दिल्लीला, असा प्रकार सुरू झाला. नाच खोल्यांतून बाहेर पडून मैदानांवर आला. सुमनचा प्रबंध तोवर लिहून होत आला होता, आणि नेमकी तेव्हाच सरांची कळी खुलली. "बाई, रिंगण पुन्हा मोठं झालं! आता ओळ पुन्हा लांबते का ते बघायला हवं. तुमच्या डोळ्यांसमोर घडतंय. आता थांबणं म्हणजे गुन्हा." सुमननं आणखी एक वर्ष मैदानं पालथी घातली. मग सर म्हणाले, मैदानात कर्णे आले, त्यांचा परिणाम बघा. मग म्हणाले, गावाकडे परत गेलेले लोक ही नवी गाणी तिथं कशी म्हणतात ते बघा. एक दार उघडलं की त्यांना पलीकडचं दिसे. त्यांचं बोलणं प्रत्येक वेळी खरं असे, हीच अडचण होती.

अशात अनुदान समितीचे अध्यक्ष पाहणीसाठी आले. उपरण्याची घडी न मोडता तासभर बोलण्यात त्यांची ख्याती होती. नेमका गुरुवार होता. मी सरांना आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं की उद्या नियम नको. अध्यक्ष 'विविधतेतील ऐक्य आणि ऐक्यातील विविधता' यावर बोलले. टाळ्या झाल्या. सर उठले. मला वाटलं, आभार मानणार. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एमे, परत सांगा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण त्या खोलीत इतकी वर्षं बसून ती सवय मोडली होती. "साहेबांनी सांगितलं," मी म्हणालो, "की कला अनेक आहेत. आणि त्या एकच आहेत. आणि साहेबांना पाच वाजता दुसरी सभा आहे."

सरांनी अध्यक्षांना नम्रपणे विचारलं, "हेच?"

अध्यक्ष हसले. ते हसणं मला अजून आठवतं. पंधरवड्यात पत्र आलं. इतक्या वर्षांत या कक्षातून एकही प्रबंध सादर झालेला नाही, याची समितीनं खेदपूर्वक नोंद घेतली होती. सत्राअखेर निदान एक प्रबंध सादर न झाल्यास कक्ष आणि त्यातील शिष्यवृत्त्या बंद करण्यात येतील. पत्रातला राग सोडला तर मुद्दा खरा होता. आमच्याकडे सगळ्यांचं 'हेच' झालेलं होतं, आणि प्रबंध कुणाचाच नव्हता.

सादर होण्याजोगा एकच प्रबंध होता, सुमनचा. दादरच्या एका महाविद्यालयानं तिला जागा देऊ केली होती, पण अट अशी की जूनच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. वडिलांनी गिरणी सोडली होती. सोडली म्हणजे खोकल्यानं सोडायला लावली होती. घर तिच्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं, तीही आता जायच्या मार्गावर. तिनं टंकलिखित प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. मार्गदर्शकाची सही तेवढी हवी होती.

सरांनी प्रत चाळली. "उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त ते गावाकडचं राहिलं."

"सर, सही," मी म्हणालो.

"करतो ना. बाई एकदा कोकणात जाऊन आल्या की करतो."

आठवडा गेला. मी विनवणी केली, समितीचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं, खोली गेली तर पाच टेबलं कुठे नेणार ते विचारलं. सर ऐकत. मग म्हणत, "अर्धवट गोष्टीवर सही करू? त्यापेक्षा खोली गेलेली बरी." त्यांना सुमनचं वाईट करायचं नव्हतं. तिचं काम त्यांना फार आवडलं होतं. आवडलेली गोष्ट संपावी असं त्यांना वाटत नव्हतं, एवढंच.

सुमनला मी जिन्यात गाठलं. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती खालच्या छापखान्याकडे बघत उभी होती. "येत्या गुरुवारी कुणाची पाळी?" तिनं विचारलं.

"चित्रकाराची."

"ती मला द्या."

"सांगणार काय? तुमचं सगळ्यांना पाठ झालंय."

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मी परत सांगणार आहे."

गुरुवारी ती उभी राहिली. सर नेहमीच्या जागी, दाराजवळ बसले होते. सुमन म्हणाली, "या खोलीत एका माणसाचं संशोधन कुणी कधी परत सांगितलं नाही. त्यांनी ते आम्हाला कधी सलग सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. चालताना, जेवताना, भिंतीवर छत्री आपटताना. मी ते ऐकलंय. ते मी आज परत सांगते."

सरांनी छत्री उचलली. मग त्यांच्या लक्षात आलं की नियम त्यांचाच आहे. छत्री खाली गेली.

"सरांचं म्हणणं असं," ती सांगू लागली, "की गिरगावच्या वाड्या एकमेकींना मागल्या दारांनी जोडलेल्या होत्या. एका वाडीत नाटकाची तालीम चाले, तिची पदं मागल्या वाडीतल्या भजनात शिरत. एकीच्या घरचा पदार्थ दुसरीच्या सणाला होई. एका वाडीतला सुतार देव्हारा करी आणि पलीकडच्या वाडीतला मखर करणारा त्याची नक्षी उचली. पुढल्या दारानं, रस्त्यावरून, लोक एकमेकांना नुसते नमस्कार करीत. देवाणघेवाण झाली ती मागल्या दारानं. आणि जिथं दार बुजवलं गेलं, तिथं पुढच्या पिढीत दोन्ही बाजूंचं गाणं, रांधणं आणि कोरणं वेगळं होऊन आटत गेलं. सरांनी ही दारं तरुणपणापासून शोधली आहेत. तीन ठिकाणी त्यांनी हे दाखवून दिलंय, म्हणजे कुणालाही पटेल असं. उरलेल्या ठिकाणी ते त्यांना वाटतं. पुष्कळदा बरोबर वाटत असेल. पण तिथं दाखवलेलं नाही."

ती थांबली. तेवढ्यात झालंसुद्धा. खालचं यंत्रही कशानं तरी थांबलं होतं.

इतकी वर्षं मी सरांबरोबर त्या वाड्या तुडवल्या होत्या, आणि हे सगळं मिळून एक आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. सरांकडे बघायची हिंमत होईना. शास्त्रीबुवा खिडकीबाहेर बघत होते. सर हाताच्या नखांकडे बघत होते. त्यांना दोनपैकी एकच शब्द उच्चारायचा होता.

"हेच," ते म्हणाले. आणि मग नियमाबाहेर जाऊन, अगदी हळू आवाजात, "एवढंच आहे?"

"एवढंच आहे, सर," सुमन म्हणाली. "पण आहे."

 सरांचं वय तेव्हा साठीच्या अलीकडे असेल. चाळीस वर्षं त्यांनी ज्या गोष्टीला शेवट नाही असं मानलं होतं, ती एका मुलीनं चहा थंड व्हायच्या आत सांगून संपवली होती. त्यांना राग येईल असं मला वाटलं. राग आला नाही. घरात खूप दिवस शोधत असलेली वस्तू सापडावी आणि ती आठवणीपेक्षा लहान असावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"माझंही एवढंच आहे, सर," ती म्हणाली. "खोली लहान झाली, रिंगण लहान झालं, ओळ लहान झाली. मैदानातलं मला दिसतंय, ते मोठं आहे. पण ते मी दाखवलेलं नाही. मला ते नुसतं वाटतं."

सर म्हणाले, "एमे, दौत."

त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत कागदावर तळहात धरून बसले, जणू तो उडून जाणार होता.

सरांनी स्वतःचं ते काम पुढे लिहिलं का, असं मला लोक विचारतात. नाही लिहिलं. आमची खोलीही नवं राज्य झाल्यावर पहिल्याच वर्षी बंद झाली. एका प्रबंधाबद्दल समितीनं अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि त्याच लखोट्यात कक्ष मुख्य इमारतीत विलीन करण्याचा हुकूम. विलीन म्हणजे काय ते आम्हाला पाटी काढायला आलेल्या माणसानं समजावलं. पण तोवर सुमन दादरला शिकवू लागली होती आणि तिचे वडील सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून चहा पिऊ लागले होते.

प्रबंध सादर करायला आम्ही तिघं कोटात, म्हणजे फोर्टमधल्या विद्यापीठाच्या कचेरीत, गेलो तो दिवस मात्र मला स्वच्छ आठवतो. राज्य होणार हे ठरलं होतं, रस्त्यावर कमानींचे बांबू पडले होते. खिडकीतल्या कारकुनानं प्रती मोजल्या, सही पाहिली, आणि लेखणी उचलून विचारलं, "खातं कुठलं?"

मी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न सरांना विचारणं म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. ह्याच एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही म्हणून ती खोली, ती टेबलं, ते गुरुवार होते. आता हा माणूस संध्याकाळपर्यंत मोकळा होत नाही, असं मी धरून चाललो.

"कुठल्याही एका खात्यात घालावं लागतं, साहेब," कारकून म्हणाला. "त्याशिवाय पुढे जात नाही."

"सगळ्यांत लवकर कुठे जाईल?" सरांनी विचारलं.

"मराठीकडे. त्यांचा शिपाई आत्ता निघालाय."

"मग मराठी लिहा."

सुमन पुढे झाली. "सर, अहो, पण यात मराठीचा भाग निम्मासुद्धा—"

"बाई, जागा अडवू नका. मागे रांग आहे."

मागे रांग नव्हती. मागे फक्त मी होतो.

कारकुनानं लिहिलं, शिक्का मारला आणि गठ्ठा आत सरकवला. सर छत्री टेकत जिना उतरले. खाली कमानीचे बांबू ओलांडताना त्यांनी सुमनला हात दिला, आणि ती पलीकडे गेल्यावर म्हणाले, "आता कुणीतरी यात चूक काढील."

"काढू दे," ती म्हणाली.

"तो आला की त्याला मदत करा."